गेमिंग कंपनीचा डेटा फुटल्यानंतर खाती कशी वाचवावीत: आधी ईमेल, मग गेम

एखाद्या गेमिंग कंपनीचा डेटा फुटल्याची बातमी आली की बहुतेक जण घाईघाईने त्या गेमचा पासवर्ड बदलतात आणि काम झाले असे समजून निश्चिंत होतात. हा क्रम चुकीचा आहे. गेमच्या खात्याचा पासवर्ड ज्या ईमेलवरून पुन्हा मागवता येतो, तो ईमेलच दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर आपण बदललेला पासवर्ड चोर पाच मिनिटांत पुन्हा बदलतो, आणि तेही आपल्या नकळत.

माझ्या भाच्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्याने रात्री नऊच्या सुमारास गेमचा पासवर्ड बदलला आणि झोपला; सकाळी पाहतो तर खाते पुन्हा हातचे गेलेले. कंपनीकडून आपल्याला एकही मेल आला नाही, असे तो शपथेवर सांगत होता. मी त्याचा मेलबॉक्स संगणकावर उघडून सेटिंगमध्ये गेले, तेव्हा तिथे एक फिल्टर लावलेला सापडला: त्या कंपनीच्या पत्त्यावरून येणारा प्रत्येक मेल थेट ट्रॅशमध्ये जात होता. ट्रॅशमध्ये रात्री २ वाजून ४० मिनिटांनी आलेला, पासवर्ड बदलल्याची सूचना देणारा मेल न उघडलेला पडून होता. तो फिल्टर भाच्याने लावलेला नव्हता. म्हणून पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने करावेत.

सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

सलग दीड तास मिळेल अशी वेळ निवडावी. अर्धे काम आज आणि अर्धे रविवारी, असे केल्यास मधल्या काळात एक दार उघडेच राहते.

ज्या संगणकावर चीट, क्रॅक केलेला गेम किंवा अनोळखी ठिकाणाहून उतरवलेला मॉड (गेममध्ये बदल करणारी फाइल) चालवला असेल, त्या संगणकावरून यातले काहीही करू नये. अशा फायलींमधून येणारे चोरटे प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर उचलतातच, पण लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकीजही उचलतात. ती कुकी हाती लागली की चोराला ना पासवर्ड विचारला जातो, ना ओटीपी. अशा संगणकावर नवा पासवर्ड टाइप करणे म्हणजे तो स्वतःहून चोराला सांगणे होय. घरातील दुसऱ्या कुणाचा स्वच्छ संगणक किंवा अद्ययावत केलेला फोन वापरावा, आणि संशयित संगणकावर नव्याने विंडोज टाकल्याशिवाय त्यावर पुन्हा लॉगिन करू नये.

एक वही जवळ घ्यावी. त्यात तीन गोष्टी लिहाव्यात: कोणकोणती गेमिंग खाती आहेत, प्रत्येक खाते कोणत्या ईमेलला आणि कोणत्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले आहे, आणि कोणत्या खात्यांना एकच पासवर्ड आहे. हा तिसरा रकाना भरताना बहुतेकांना धक्का बसतो. पासवर्ड मात्र या यादीत लिहू नयेत.

शेवटी, खाते आपलेच आहे हे सिद्ध करणारे पुरावे एका फोल्डरमध्ये गोळा करावेत: पहिल्या खरेदीची पावती, व्यवहार क्रमांक, कन्सोलवरील अनुक्रमांक, खाते उघडताना आलेला पहिला मेल. ही कागदपत्रे लागणार नाहीत अशी आशा धरावी. पण लागलीच, तर तेव्हा ती शोधायला मेलबॉक्स आपल्या हाती असेलच असे नाही.

टप्पा १: नेमके काय फुटले, ते समजून घ्या

कंपनीचा मेल येण्याची वाट पाहू नये. सोनीने एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्क २० तारखेला बंद केले, पण सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची वैयक्तिक माहिती चोरांच्या हाती गेल्याचे २६ तारखेला जाहीर झाले. मधले सहा दिवस आपली माहिती गेली आहे हे लोकांना ठाऊकच नव्हते. बातमी विश्वासार्ह वाटली की लगेच कामाला लागावे.

उलट, आलेला मेल खरा आहे असेही गृहीत धरू नये. डेटा फुटल्याची बातमी पसरताच त्याच कंपनीच्या नावाने बनावट मेलही सुटतात. मेलमधील दुव्यावर न जाता ब्राउझरमध्ये कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करावा किंवा अधिकृत ॲप उघडावे, आणि तिथली सूचना वाचावी. ‘हॅव आय बीन पोन्ड’ या ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या संकेतस्थळावर आपला ईमेल पत्ता टाकला, तर तो आजवर कोणकोणत्या फुटलेल्या याद्यांमध्ये आला आहे ते दिसते. तिथे नाव नसले म्हणजे आपण सुटलो, असा मात्र अर्थ नाही. सगळ्याच याद्या तिथवर पोहोचत नाहीत.

सूचनेत पुढील शब्द शोधावेत आणि वहीत नोंदवावेत:

पासवर्ड ‘हॅश’ केलेले होते असे म्हटले असेल, तर ते सुरक्षित आहेत असे समजू नये. हॅश म्हणजे पासवर्डचे एका दिशेने केलेले रूपांतर; पण सोपा किंवा छोटा पासवर्ड अंदाजाने पडताळून काढता येतो. २०१९ मध्ये झिंगा या गेम कंपनीच्या सुमारे १७ कोटी ३० लाख खात्यांची माहिती फुटली, तेव्हा पासवर्ड हॅश केलेले होते, तरी पद्धत जुनी होती.

सुरक्षा प्रश्नांची उत्तरे फुटली असतील, तर ती बाब पासवर्डपेक्षाही गंभीर मानावी. ऑगस्ट २०१२ मध्ये ब्लिझार्ड या गेम कंपनीच्या उत्तर अमेरिकेतील सर्व्हरवर खेळणाऱ्यांच्या अशाच उत्तरांपर्यंत चोर पोहोचले होते. पासवर्ड बदलता येतो. आईचे माहेरचे आडनाव बदलता येत नाही, आणि तोच प्रश्न आपल्याला इतर ठिकाणीही विचारला जातो.

जन्मतारीख, पत्ता आणि फोन क्रमांक फुटले असतील, तर पुढे येणारे फसवे फोन आणि मेल नेमकी माहिती सांगून विश्वास मिळवतील, हे ध्यानात ठेवावे.

टप्पा २: ईमेलचे दार आधी बंद करा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ घेतो आणि बहुतेक जण हाच गाळतात. जीमेल वापरत असाल, तर हे काम संगणकाच्या ब्राउझरवर करावे. मेल पुढे पाठवण्याची सेटिंग मोबाइल ॲपमध्ये बदलता येत नाही.

१. ईमेलचा पासवर्ड बदलावा. तो किमान १६ अक्षरांचा आणि इतर कुठेही न वापरलेला असावा. लक्षात ठेवायचाच असेल, तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून घ्यावेत. म्हण, अभंगाची ओळ, मुलांची नावे, गाडीचा क्रमांक यांपैकी काहीही त्यात असू नये.

२. खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन लॉगिन असलेल्या उपकरणांची यादी उघडावी. ओळखीचे नसलेले आणि वापरात नसलेले प्रत्येक उपकरण साइन आउट करावे. दोन वर्षांपूर्वी विकलेला फोन या यादीत अजूनही असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

३. रिकव्हरी ईमेल आणि रिकव्हरी फोन तपासावा. बंद पडलेल्या सिमचा क्रमांक तिथे असेल, तर तो आजच काढावा, कारण वापरात नसलेले क्रमांक मोबाइल कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात आणि मग आपला ओटीपी त्याच्याकडे जातो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेल्यांनी हे विशेष काळजीने पाहावे: भारतातील क्रमांकाचे रिचार्ज थांबवलेले असते, पण अर्धी खाती अजून त्याच क्रमांकावर असतात.

४. फिल्टर आणि फॉरवर्डिंगच्या दोन्ही याद्या उघडाव्यात. आपण न लावलेला फिल्टर, अनोळखी पत्त्यावर जाणारे मेल, किंवा कंपनीच्या नावाचे मेल वाचलेले दाखवणारा अथवा ट्रॅशमध्ये टाकणारा नियम दिसला, तर आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि मग तो पुसावा. स्क्रीनशॉट पुढे तक्रारीत उपयोगी पडतो.

५. ज्या ॲप्सना आणि संकेतस्थळांना मेल वाचायची परवानगी दिलेली आहे, त्यांची यादी पाहून अनावश्यक परवानग्या काढाव्यात.

६. ट्रॅश, स्पॅम आणि संग्रहित मेल या तिन्हींमध्ये कंपनीचे नाव टाकून शोध घ्यावा. पासवर्ड बदलल्याचे किंवा नव्या उपकरणावरून लॉगिन झाल्याचे मेल तिथे मिळाले, तर त्यांच्या तारखा आणि वेळा वहीत लिहाव्यात.

तपासून पाहा: दुसऱ्या कुणाच्या फोनवरून स्वतःला एक साधा मेल पाठवा. तो इनबॉक्समध्ये दिसला आणि इतरत्र कुठेही गेला नाही, तरच पुढे जा.

टप्पा ३: आता गेमचे खाते

पासवर्ड बदलल्यावर जुनी लॉगिने आपोआप तुटतातच असे नाही. म्हणून ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय शोधून तो वेगळा वापरावा. स्टीम या संगणकावरील गेम विकणाऱ्या सेवेत हा पर्याय अधिकृत उपकरणांच्या पानावर आहे. इतर सेवांमध्येही तो बहुधा सुरक्षा या शीर्षकाखाली असतो.

यानंतर जोडलेली खाती तपासावीत. एकाच गेममध्ये आपण फेसबुक, गूगल, ॲपल, डिस्कॉर्ड किंवा कन्सोलच्या खात्याने शिरत असतो, आणि यांपैकी प्रत्येक जोडणी हे एक स्वतंत्र दार असते. एप्रिल २०२० मध्ये निन्टेन्डोच्या खात्यांमध्ये जो शिरकाव झाला, तो मुख्य पासवर्ड फोडून झाला नव्हता. जुन्या थ्रीडीएस आणि वी यू कन्सोलच्या काळातील निन्टेन्डो नेटवर्क आयडी नावाचे लॉगिन नव्या खात्याला जोडलेले राहिले होते, आणि बाहेरून मिळवलेले नाव-पासवर्ड वापरून चोर त्या दारातून आत आले. कंपनीने आधी सुमारे १ लाख ६० हजार आणि जूनमध्ये एकूण सुमारे ३ लाख खाती बाधित झाल्याचे सांगितले आणि त्या जुन्या मार्गाने लॉगिन करणे बंद केले. वापरात नसलेली प्रत्येक जोडणी काढून टाकावी, आणि जी ठेवायची आहे तिच्या मूळ खात्याचाही पासवर्ड बदलावा.

स्टीमवर स्किन (गेममधील सजावटीची रूपे) किंवा इतर वस्तूंची देवाणघेवाण करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. खात्यावर आपण न घेतलेली वेब एपीआय की (बाहेरच्या प्रोग्रामला खात्यातील माहिती पाहू देणारी किल्ली) नोंदलेली असेल, तर चोर तिच्या आधारे आपले व्यवहार पाहतो आणि खरी ऑफर रद्द करून त्याच मित्राचे नाव-चित्र लावलेली खोटी ऑफर पुढे करतो. पासवर्ड बदलला तरी ही की आपोआप जाईल असे गृहीत धरू नये. ती स्वतः रद्द करावी.

सावधान: या टप्प्यात गेममधील कुणी मित्र ‘माझ्याकडून चुकून तुझ्या खात्याची तक्रार झाली, कंपनीच्या माणसाशी बोल’ असे सांगत असेल, तर बोलू नये. त्या मित्राचे खातेही याच फुटीत गेलेले असू शकते.

टप्पा ४: तोच पासवर्ड आणखी कुठे आहे

वहीतील तिसरा रकाना आता उघडावा. फुटलेली ईमेल-पासवर्डची जोडी चोर हाताने टाइप करत बसत नाहीत. प्रोग्राम लावून ती शेकडो सेवांवर आपोआप वापरून पाहतात. निन्टेन्डोच्या बाबतीत हेच झाले असावे, असे कंपनीच्या निवेदनावरूनही दिसते. म्हणून फुटलेला पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल, तिथे तिथे तो बदलावा, आणि क्रम असा ठेवावा: बँक व पैशांची ॲप्स, सोशल मीडिया, खरेदीची संकेतस्थळे, इतर गेम, बाकी सर्व.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे जुन्या पासवर्डच्या शेवटी एक अंक किंवा उद्गारचिन्ह जोडणे. चोरांचे प्रोग्राम असे बदल सर्वांत आधी तपासतात. प्रत्येक सेवेला पूर्णपणे वेगळा पासवर्ड हवा, आणि तो लक्षात राहणे शक्य नसल्यामुळे पासवर्ड मॅनेजर वापरावा. गूगल किंवा ॲपलचा फोनमधील मॅनेजर अथवा बिटवॉर्डनसारखे वेगळे ॲप, यांपैकी काहीही चालेल. आईवडिलांसाठी कपाटात ठेवलेली वेगळी वहीसुद्धा चालते. घरातील वहीपर्यंत परदेशातील चोराचा हात पोहोचत नाही, पण सगळीकडे एकच असलेल्या पासवर्डपर्यंत नक्की पोहोचतो.

सुरक्षा प्रश्नांना खरी उत्तरे देणे आता थांबवावे. पहिल्या शाळेच्या नावाच्या जागी असंबद्ध शब्द लिहावेत आणि ते मॅनेजरमध्ये नोंदवून ठेवावेत.

टप्पा ५: दुसरे कुलूप आणि बॅकअप कोड

टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारण्याची सोय, ईमेलवर आणि प्रत्येक गेमिंग खात्यावर चालू करावे. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीपेक्षा फोनवरच कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप बरे, कारण सिम दुसऱ्याच्या नावावर फिरवून घेतले तर एसएमएस त्याच्याकडे जातात. पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करण्याची, सोय असेल तिथे ती घ्यावी. प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो या दोन्ही खात्यांवर ती आहे. पासकी खऱ्या संकेतस्थळाशीच बांधलेली असल्यामुळे बनावट पानावर ती चालत नाही.

ज्या क्षणी हे चालू होईल, त्याच क्षणी पुष्कळ सेवा बॅकअप कोड दाखवतात. बहुतेक जण ते पान बंद करतात, आणि सहा महिन्यांनी फोन पाण्यात पडला की स्वतःच्याच खात्याबाहेर अडकतात. कोड कागदावर लिहावेत आणि तो कागद पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवावा. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनच्या गॅलरीत ठेवण्यात काहीच अर्थ नाही. स्टीमचा रिकव्हरी कोड ‘आर’ या अक्षराने सुरू होतो. तोही याच कागदावर उतरवावा.

तपासून पाहा: एकदा पूर्ण साइन आउट करून नव्या पासवर्डने आणि ऑथेंटिकेटरच्या कोडने पुन्हा आत या. हे जमले नाही, तर कागद फाइलमध्ये ठेवण्याआधीच दुरुस्ती करा.

टप्पा ६: पैशांचे मार्ग

१ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातील व्यापाऱ्यांना ग्राहकांच्या कार्डाचे क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाहीत. त्याऐवजी खऱ्या क्रमांकाच्या जागी दिलेले पर्यायी टोकन वापरले जाते. हा मोठा आधार आहे, पण तो परदेशी बँकांच्या कार्डांना लागू नाही. अमेरिकेतील मामाने भाच्याच्या खात्यावर आपले कार्ड जोडून दिलेले असेल, तर त्यांना आज फोन करावा.

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करावेत, कारण परदेशी संकेतस्थळांवर पुष्कळदा ओटीपीशिवायही पैसे जातात. यूपीआय ॲपमधील ऑटोपेची यादी उघडून गेम सदस्यत्वाचे अनावश्यक मॅन्डेट (पैसे आपोआप कापण्याची दिलेली परवानगी) रद्द करावेत. साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतचे असे आवर्ती व्यवहार दर वेळी पिन न विचारता होतात. गेमच्या वॉलेटमधील शिल्लक आणि खरेदीचा इतिहासही पाहावा.

अनधिकृत व्यवहार दिसला, तर आधी बँकेला कळवावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहाराबाबत बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य राहते. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर काही भार ग्राहकावर येतो. ओटीपी स्वतः कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे असते. त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. महाराष्ट्र असो वा गोवा, क्रमांक हाच आहे, आणि पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

पैसे लावून खेळण्याच्या ॲपला केवायसीसाठी पॅन किंवा आधार दिले असेल, तर आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे आणि आपल्या नावावर कुणी कर्ज घेतले नाही ना, हे पाहण्यासाठी क्रेडिट रिपोर्ट मागवावा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

टप्पा ७: खाते आधीच गेले असेल तर

ईमेल ताब्यात असल्याची खात्री केल्याशिवाय कंपनीच्या मदत विभागाला लिहू नये, कारण त्यांचे उत्तर त्याच ईमेलवर येते. अधिकृत संकेतस्थळावरील फॉर्म भरावा, तयारीत गोळा केलेले पुरावे एकाच वेळी जोडावेत, आणि एका प्रकरणासाठी एकच तक्रार ठेवावी. रोज नवी तक्रार टाकल्याने आधीचा धागा तुटतो. पैसे घेऊन खाते परत मिळवून देतो असे टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवर सांगणारा माणूस दुसरा चोर असतो, असेच समजून चालावे.

टप्पा ८: पुढचे काही महिने

फुटलेली यादी अनेकदा विकली जाते आणि वर्षानुवर्षे फिरत राहते. नुकसानभरपाई, मोफत गेम-पैसे, खाते बंद होण्याची धमकी अशा विषयांचे मेल येत राहतील, आणि त्यांत आपले खरे नाव व खेळाडू-नाव अचूक असेल. माहिती अचूक आहे म्हणून मेल खरा ठरत नाही. लहान मुलांना हे शेजारी बसून एकदा दाखवावे: खोट्या मेलमधील पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडून, एकेक अक्षर वाचून. मुलाचे खाते पालकांच्या ईमेलला जोडावे आणि खरेदीसाठी पालकांची मंजुरी सक्तीची करावी. जे गेम आता कुणीच खेळत नाही, त्यांची खाती रीतसर बंद करून टाकावीत.

उपकरणांची यादी, फिल्टर, फॉरवर्डिंग आणि बँकेचे विवरण या चार गोष्टी दर महिन्याला पुन्हा पाहाव्यात. भाच्याच्या मेलबॉक्सची फिल्टरची यादी आम्ही महिन्याच्या एक तारखेला व्हिडिओ कॉलवर एकत्र उघडतो आणि ती रिकामी दिसली की तो वहीत तारीख लिहितो.